हवा माझी, चाक माझं, किल्ली मात्र तुमची!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय आणि आज सरळ भांडायच्याच मूडमध्ये आहे. विषय वाचून आमच्या वहिनी म्हणतील, "भावजी, पुन्हा गाड्याच का?" हो वहिनी, पुन्हा गाड्याच. पण या वेळी एक विनंती आहे, शेवटपर्यंत वाचा. कारण तुमच्या नव्या गाडीतही तो पिवळा दिवा आहे आणि ती बटणवाली किल्लीसुद्धा आहे.

दिवा म्हणजे तो घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला. चाकातली हवा कमी झाली की पेटतो. या व्यवस्थेला टीपीएमएस म्हणतात. आणि किल्ली म्हणजे ती, जी खिशात ठेवली की दार उघडतं आणि बटण दाबलं की इंजिन सुरू होतं. या दोन्ही गोष्टी मला आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मंडळी म्हणतील, शहाद्याचा शेतकरी, याला अजून हँडल मारून सुरू होणारी जीप हवी आहे! तसं काही नाही. माझं वैर दिव्याशी नाही, दिव्याला लावलेल्या कुलपाशी आहे.

आता जरा सविस्तर. माझा भाचा पुण्याला असतो आणि त्याला ट्रॅक डेचा नाद आहे. नातेवाईकांसाठी सांगतो, ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि बंद ट्रॅकवर आपलीच गाडी जोरात चालवायची. पहिला नंबर नाही, बक्षीस नाही, समोरून ट्रक येत नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइमतूरचा कारी आहे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ पासून आहे. आणि आपल्याकडे मावळात नाणोलीचा छोटा ट्रॅक झालाय. नंदुरबार जिल्ह्यात ट्रॅक नाही. आमच्याकडे तोरणमाळचा सातपायरी घाट आहे, तळोद्याहून धडगावला जाणारा चांदशैली घाट आहे, तिथे वळणांची काही कमतरता नाही. पण घाट हा सार्वजनिक रस्ता आहे, तिथे शौक करायचा नसतो. म्हणून भाच्याबरोबर मी दोन-तीनदा ट्रॅकवर जाऊन आलो, आणि तिथे गाड्यांपेक्षा गाड्यांच्या तक्रारीच जास्त पाहिल्या.

पहिली तक्रार हवेची. समजा कंपनीने दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय, हवा ३३ पीएसआय. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या जोरात मारल्या की टायर तापतो. आतली हवा २५ अंशांवरून ८० अंशांपर्यंत गेली तर २८ ला भरलेलं चाक ३६ च्या आसपास पोचतं. शाळेतल्या भौतिकशास्त्राचा साधा हिशेब आहे, कुणीही करून बघावा. म्हणून तिथले लोक सकाळी थंड चाकात हवा कमी ठेवतात, म्हणजे तापल्यावर ती बरोबर होते. पण गाडीला हे कोण सांगणार? अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे हवा स्टिकरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेली की दिवा पेटायला हवा, युरोपात २० टक्के. २७-२८ वर थोडं इकडेतिकडे झालं की दिवा पेटतो आणि दिवसभर टुंग-टुंग करत राहतो.

उलटंही होतं. तापलेल्या चाकातली हवा कमी करून बरोबर ३३ वर आणायची आणि तशीच गाडी घेऊन घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड चाकात २५-२६ च उरते. दिवा पेटतो, आणि या वेळी दिवा शंभर टक्के खरा असतो! म्हणजे तोच दिवा काल दुपारी उगाच ओरडत होता आणि आज सकाळी खरं बोलतोय. माणसाने फरक कसा करायचा? हवेचा आकडा बघून. पण कितीतरी गाड्यांत आकडाच दिसत नाही, नुसता दिवा दिसतो. डॉक्टरने ताप किती आहे ते न सांगता नुसतं "आजारी आहात" म्हणावं, तसला प्रकार.

ही गंमत फक्त ट्रॅकची नाही बरं का. आमच्याकडे डिसेंबरात दुपारी ३० अंश असतात आणि पहाटे १० च्या आसपास. अक्कलकुव्याच्या डाबकडे तर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. वीस अंशांचा फरक म्हणजे चाकात साधारण तीन पीएसआयचा फरक. ट्रॅकवर वीस मिनिटांत होतं ते सातपुड्यात रात्रभरात होतं, एवढाच काय तो फरक.

आता हे यंत्र चालतं कसं ते बघू, कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे. टीपीएमएसचे दोन प्रकार. एक स्वस्तातला, ज्यात चाकात काहीच नसतं. एबीएसचे सेन्सर चाकाचा वेग मोजतात. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फिरतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. यात हवा भरल्यावर बटण दाबून "आता बरोबर आहे" असं गाडीला सांगावं लागतं. दुसरा प्रकार खरा मोजणारा. प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मुळाशी आतून एक छोटी डबी असते. त्यात दाब मोजणारा सेन्सर, रेडिओ आणि सेल. सेल आत सीलबंद असतो, पाच ते दहा वर्षांत संपतो, आणि संपला की अख्खी डबी फेकायची. प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडी फक्त ओळखीच्या चार क्रमांकांचंच ऐकते.

इथे आली मेख! भाच्याने ट्रॅकसाठी टायरसकट चार वेगळी चाकं घेतली. त्यात सेन्सर नवे, चांगले. पण गाडी म्हणाली, मी यांना ओळखत नाही. ओळख करून द्यायची तर सेवा केंद्रात जायचं, तिथे लॅपटॉप जोडून, पैसे भरून. ट्रॅक संपला, जुनी चाकं लावली, की पुन्हा तेच. वर्षातून सहा वेळा ट्रॅकवर जाणाऱ्याने बारा वेळा स्वतःच्याच चाकांची स्वतःच्याच गाडीशी ओळख करून द्यायला जायचं. लग्नात व्याही-विहिणींची ओळखसुद्धा एकदाच करून देतात हो!

यावर परदेशातल्या लोकांनी काढलेला तोडगा ऐकून मी हसावं की रडावं ते कळेना. जुने चार सेन्सर प्लास्टिकच्या पाइपात घालायचे, दोन्ही तोंडं बंद करायची, पाइपात ३३ हवा भरायची आणि पाइप डिकीत टाकायचा. गाडी खूश! चाकात हवा असो वा नसो, दिवा कधीच पेटत नाही. मंडळी, जीव वाचवायला बसवलेलं यंत्र माणसाला असं फसवावं लागतं, तेव्हा दोष माणसाच्या अकलेचा की यंत्राला कुलूप लावणाऱ्याचा?

लक्षात घ्या, हे यंत्र मुळात जीव गेल्यामुळेच आलं. अमेरिकेत फायरस्टोनच्या टायरवर धावणाऱ्या फोर्ड एक्सप्लोरर गाड्या टायर फाटून उलटल्या, माणसं गेली, आणि २००० साली तिथे कायदा झाला. २००७ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या छोट्या गाडीत टीपीएमएस सक्तीचं झालं. युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या कारमध्ये. म्हणजे हे सुरक्षेचं यंत्र आहे, कंपनीच्या गल्ल्याचं नव्हे.

आपल्याकडे मात्र याच यंत्राचा उपयोग भलत्याच कामाला झाला. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर कारला स्टेपनी दिली नाही तरी चालेल! कारण दिलं की जागा वाचते, वजन कमी होतं, इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा मिळते. दिल्लीत बसून हे ठीक वाटत असेल. पण त्या किटमध्ये काय असतं? हवेचा छोटा पंप आणि एक चिकट द्रव. खिळा घुसला तर द्रव भोक बुजवतो. सातपुड्यातल्या काळ्या दगडाची धार टायरच्या बाजूला लागली आणि टायर फाटला, तर तो द्रव काय करणार, कपाळ? आणि वरचढ म्हणजे तोच द्रव आतल्या सेन्सरच्या भोकात जाऊन बसू शकतो आणि सेन्सर निकामी करू शकतो. म्हणजे नियमाने ज्या दोन गोष्टींच्या भरवशावर स्टेपनी काढायला परवानगी दिली, त्यातली एक वापरली की दुसरी जाण्याची भीती!

धडगावच्या रस्त्यावर, जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे रात्री नऊ वाजता बायको-मुलांसह उभं राहून याचा विचार करून बघा. मला दिवा नको, चाक द्या, असंच म्हणाल.

आता किल्लीकडे येतो. किल्लीचीही तीच कथा आहे, कारण ती त्या सेन्सरची सख्खी बहीणच आहे. गाडी १२५ किलोहर्ट्झवर हळूच हाक मारते, किल्ली ४३३ मेगाहर्ट्झवर ओ देते. आणि आपल्याकडच्या गाड्यांत चाकातले सेन्सरही बहुधा ४३३ वरच बोलतात. पुष्कळ गाड्यांत दोघांचं ऐकणारा कान म्हणजे रिसीव्हर एकच असतो. म्हणून त्या कानाशी स्वस्तातला चार्जर किंवा डॅशकॅम गोंगाट करत असेल, तर एकाच दिवशी किल्लीही सापडत नाही आणि चाकंही सापडत नाहीत. लोक म्हणतात गाडी झपाटली. झपाटली वगैरे काही नाही, बहिरी झाली.

ट्रॅकवर किल्लीचं काय करायचं हा मोठाच प्रश्न असतो. ड्रायव्हरच्या अंगावरच्या सूटला खिसा नसतो. गाडीत मोकळी वस्तू ठेवायची नाही असा नियम असतो, आणि तो योग्यच आहे, कारण वळणावर किल्ली पेडलखाली गेली तर ब्रेक दाबता येणार नाही. मग किल्ली मित्राच्या हातात राहते आणि मित्र चहाला जातो. इंजिन सुरू असेपर्यंत गाडी नुसती कुरकुर करते, पण एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू व्हायला तयार नाही. नाणोलीला एका मुलाची गाडी अशीच पिटच्या तोंडाशी बंद पडली आणि मागे सहा गाड्या खोळंबल्या. किल्ली होती, पण तिचा सेल गेला होता. त्याने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, गाडी टो करून आणा, येताना दोन्ही किल्ल्या घेऊन या. तेवढ्यात एका मेकॅनिकने ती मेलेली किल्ली सरळ स्टार्टच्या बटणाला टेकवली आणि बटण दाबलं. इंजिन सुरू!

जादू नव्हती. किल्लीत सेलशिवाय चालणारी एक चिप असते, ती जवळ नेली की गाडीच तिला ऊर्जा देते. बहुतेक गाड्यांत अशी सोय आहे. कुठे बटणाला टेकवायची, कुठे कपहोल्डरच्या तळाशी ठेवायची, कुठे स्टिअरिंगच्या बाजूला. दाराची लोखंडी किल्लीही त्यातच लपवलेली असते. हे सगळं माहितीपुस्तकाच्या दोनशेव्या पानावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं. आणि मदत क्रमांकावरच्या माणसाला मात्र पहिली टोची गाडी आठवते.

मी स्वतः एका किल्लीसाठी असाच फिरलोय. माझ्या गाडीची दुसरी किल्ली पपईच्या शेतात हरवली. सेवा केंद्रात (नाव कशाला घेऊ) सांगितलं की नवी किल्ली चौदा हजार, गाडी घेऊन यायची, दोन खेपा माराव्या लागतील. चौदा हजारांत धातू-प्लास्टिक किती आणि चिप केवढ्याची, असं विचारलं तर म्हणाले, "साहेब, पैसे सिक्युरिटीचे आहेत." बरं!

तर हा सिक्युरिटीचा मुद्दा जरा तपासून बघू, कारण कंपन्यांचा सगळा बचाव त्यावरच उभा आहे. मालकाला किल्ली जोडायची सोय दिली तर चोरालाही मिळेल, असं ते म्हणतात. वरवर बरोबर वाटतं. पण दोन चालू किल्ल्या हातात असतील तर तिसरी मालकाने स्वतः जोडावी, अशी सोय कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं होती. ज्याच्याकडे आधीच दोन किल्ल्या आहेत तो चोर कशाला तिसरी जोडत बसेल? तो गाडीच घेऊन जाईल ना!

आणि चाकाच्या सेन्सरचं काय? तिथे तर चोराचा संबंधच नाही. शिवाय ती लहर मुळात उघडी. २०१० साली अमेरिकेत रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सेन्सरचा संदेश कुलूपबंद नसतो, चाळीस मीटरवरून ऐकता येतो, आणि खोटा संदेश पाठवून धावत्या गाडीतला दिवाही पेटवता येतो. म्हणजे परक्याला दार उघडं आणि मालकाला कुलूप! काही कंपन्यांच्या गाड्या तर नवे सेन्सर लावून दहा-वीस मिनिटं चालवल्या की आपोआप शिकतात. म्हणजे करता येतं. करायचं नाही, एवढंच.

दुसरा बचाव असा, की ट्रॅक डे हा पैसेवाल्यांचा खेळ, त्यांच्या दुखण्याशी सामान्य माणसाला काय देणंघेणं? मी म्हणतो, फार देणंघेणं आहे. शहाद्याहून खेतिया-सेंधव्यामार्गे गेलं की पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे. २९ जून २०२१ ला त्याच्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकचं उद्घाटन झालं, तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते. आशियातला सगळ्यात लांब. कंपन्या तिथे गाड्या तपासतात. पण तपासणाऱ्या गाडीबरोबर इंजिनिअर असतो, लॅपटॉप असतो, दुसरी गाडी असते. ट्रॅक डेला येणारा माणूस स्वतःची गाडी, स्वतःच्या पैशाने, एकटा घेऊन येतो आणि तिला एका दिवसात वर्षभराचा ताण देतो. यंत्र कुठे तुटतं ते तो आधी बघतो. त्याच्यानंतर वर्षभराने तेच दुखणं चांदशैलीच्या घाटात एखाद्या शिक्षकाच्या किंवा नर्सबाईंच्या गाडीला होतं. तिथे मेकॅनिक नसतो आणि सेवा केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात असतं.

आमच्या गावच्या पंक्चरवाल्या चाचांची गोष्ट सांगतो. चाचांनी तीस वर्षांत बैलगाडीच्या रबरी चाकापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं उघडलंय. आता नवी गाडी आली की आधी विचारतात, "दादा, आत डबी आहे का?" डबी असेल तर टायर काढायला तयार नसतात. लिव्हरने डबी तुटली तर भरपाई कोण देणार? काडी घालून पंक्चर निघत असेल तर काढतात, नाहीतर हात जोडतात. चूक त्यांची नाही. पण हळूहळू गावातला एकेक कारागीर असा हात जोडत बाजूला होतोय, आणि गिऱ्हाईक शंभर किलोमीटरवरच्या लॅपटॉपच्या दाराशी जाऊन उभं राहतंय. मला भीती वाटते ती याची.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस बघा. दात बघतो, खूर उचलून बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चालवून बघतो. घोडा घेतल्यावर नाल ठोकायला विकणाऱ्याकडेच आलं पाहिजे, असं कुठल्या व्यापाऱ्याने म्हटलं तर यात्रेत त्याचं काय होईल? दहा-वीस लाखांच्या गाडीला मात्र आपण हे मुकाट मान्य केलंय.

सरकारला हे माहीत नाही असंही नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरवली. २४ डिसेंबर २०२२ ला संकेतस्थळही सुरू झालं. चांगलं झालं. पण संकेतस्थळावर सेवा केंद्राचा पत्ता मिळणं म्हणजे हक्क नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला द्यायला लावली. आपण निदान मागणी तरी नीट करू.

माझ्या मागण्या फार नाहीत. एक, दिव्याबरोबर चारही चाकांचा आकडा दाखवा. दोन, नव्या सेन्सरची ओळख डॅशबोर्डवरूनच करून देता आली पाहिजे, फुकट. तीन, दोन चालू किल्ल्या असतील तर तिसरी मालकाने जोडावी. चार, सेल संपल्यावर किल्ली कुठे टेकवायची ते हवेच्या स्टिकरशेजारी, माझ्या भाषेत, चित्रासकट लावा. पाच, स्टेपनी हवी की नको ते गिऱ्हाईक ठरवेल, आणि हवी म्हटलं तर जागा द्या. यातली एकही गोष्ट करायला नवा शोध लावावा लागत नाही.

गाडी विकत देताय ना? मग पूर्ण द्या. अर्धी आमच्या दारात आणि अर्धी तुमच्या लॅपटॉपात, असा व्यवहार आमच्या बाजारात चालत नाही.

ता.क. - दिवाळीत तोरणमाळला येणाऱ्या समस्त पुणेकर आणि सुरतकर नातलगांना प्रेमळ धमकी. सकाळी चाकं थंड असताना गेज लावून हवा बघायची, दिव्यावर विसंबायचं नाही. किल्लीला लागणारा नवा सेल पाकिटात ठेवायचा (बहुधा सीआर २०३२ असतो, आपल्या किल्लीत बघून घ्या). आणि डिकी उघडून स्टेपनी आहे की नुसती बाटली, ते निघायच्या आधी बघायचं, घाटात नव्हे.